भुंग्याचे उतारू

भुंगा या प्राण्याचं आणि मराठी कवींचं फार जुनं सख्य आहे. कमळ उमललं की भुंगा हजर, कमळ मिटलं की भुंगा आत अडकलेला. मराठीत काळं, उडणारं आणि गुणगुणणारं जे जे काही असेल त्याला आपण भुंगा म्हणतो. शाळेत तो ‘भ्रमर’ म्हणून पाठ केला, नोकरी लागल्यावर तो डोक्यात शिरला. पण इतकी शतकं भुंग्याच्या मागे लागलेल्या या कवींपैकी एकानंही त्याला कधी उताणा करून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. पाहिलं असतं तर आपलं शृंगारकाव्य निम्म्यावर आलं असतं.

माझी गोष्ट वेगळी आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. बँकेत वीस वर्षं काढल्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटी करून पाहायची सवय लागलेली. चेकची पाठ पाहिल्याशिवाय आम्ही पैसे मोजत नाही. तेव्हा गुहागरजवळच्या वाडीत माझ्या मामेभावानं माडाच्या शेंड्यातून लोखंडी आकड्यानं ओढून काढलेला गेंड्या भुंगा माझ्या पुढ्यात टाकला आणि मी तो काडीनं उलटा केला, यात विशेष काही नाही.

गेंड्या भुंगा म्हणजे कोकणातल्या माडांचा सावकार. जन्मतो शेणखताच्या खड्ड्यात, तिथंच खाऊनपिऊन वाढतो, आणि अंगात बळ आलं की माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरतो. पुढे तो कोंब उलगडला की झापावर कात्रीनं त्रिकोण कापल्यासारखी नक्षी दिसते. डोक्यावर शिंग, म्हणून नाव गेंड्या. अशा या बलदंड प्राण्याच्या पोटाखाली, पायांच्या बेचक्यात, खसखशीएवढे तांबूस दाणे चिकटलेले होते. आणि ते दाणे चालत होते.

मामेभावानं निकाल जागच्या जागी दिला. “उवा पडल्यात त्याला. बरं झालं! तो आमचे माड खातो, त्याला कोणीतरी खाल्लंच पाहिजे.”

सौ.नं पाय वर घेतले. आमच्याबरोबर माईआत्याही आली होती. तिनं कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, बराच वेळ वाकून पाहिलं आणि म्हणाली, “खातायत कुठं रे? नुसते धरून बसलेत. कुठंतरी निघाले असतील बिचारे.”

आत्याचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. पण मुंबईला परतल्यावर मी ग्रंथालयातून पुस्तकं आणली, चिरंजीवांनी मोबाइलवर शास्त्रज्ञांचे निबंध शोधून दिले, आणि जिथं तिथं आत्याचंच वाक्य जरा अवघड भाषेत लिहिलेलं सापडलं.

पहिली गोष्ट, त्या उवा नव्हेत. उवेला सहा पाय असतात, यांना आठ. ही मंडळी कोळ्याच्या आणि गोचिडाच्या भाऊबंदांतली. इंग्रजीत यांना माइट म्हणतात. आपल्याकडचे शेतकी खात्याचे लोक सरळ ‘कोळी’ म्हणून मोकळे होतात. भेंडीवर पडतो तो लाल कोळी याच घराण्यातला. ‘माइट’ हा शब्द मी घरात पहिल्यांदा उच्चारला तेव्हा माईआत्या म्हणाली, “म्हणजे आमच्यापैकीच की!”

दुसरी गोष्ट, भुंग्यांच्या पोटावर दिसणाऱ्या या माइटना पंख नसतात आणि डोळेही नसतात. आठांपैकी पुढचे दोन पाय आंधळ्याच्या काठीसारखे चाचपडायला वापरायचे आणि उरलेल्या सहांवर चालायचं. बिऱ्हाड कुठं, तर शेणात, कुजक्या खतात, नाहीतर मेलेल्या उंदरापाशी. तिथं माश्यांची अंडी आणि सुताहून बारीक जंत मुबलक मिळतात. जेवणाची सोय उत्तम, पण जागा पागडीची नव्हे. शेणाचा पो चार दिवसांत वाळून जातो. दुसरा पो कुठं पडला आहे ते दिसायला डोळे नाहीत, आणि जायला पंख नाहीत. चालत जावं म्हटलं तर मिलिमीटरभर अंगाच्या जिवानं आठशे मीटर चालणं म्हणजे माणसानं तेराशे किलोमीटर चालणं. मुंबईहून पायी काशीयात्राच, आणि तीही जेवायला!

भुंग्याला मात्र पंख आहेत आणि ताज्या शेणाचा वास त्याला लांबून लागतो. म्हणून भुंगा निघाला की माइट त्याच्या पोटाखाली जागा धरतात आणि नवा पो आला की उतरतात. शास्त्रात याला ‘फोरेसी’ म्हणतात. आपण एसटी म्हणतो.

या एसटीचे नियम मात्र कडक आहेत. अंडं, मग सहा पायांचं पिल्लू, मग आठ पायांच्या दोन कुमारावस्था आणि शेवटी प्रौढपण, अशी माइटची कारकीर्द असते. त्यातल्या दुसऱ्या कुमारावस्थेतल्यांनाच भुंग्यावर चढायचा परवाना. थोडक्यात, विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास. गाव आलं की उतरायचं, कात टाकून प्रौढ व्हायचं, लग्नकार्य उरकायचं आणि पुढच्या पिढीच्या कुमारांना पुढच्या गाडीत बसवून द्यायचं. शिवाय प्रवासात खाणंपिणं बंद. आमच्याकडे गाडीनं पनवेल सोडायच्या आत डबे उघडतात. तेव्हा या बाबतीत माइट आमच्याहून वळणदार म्हणायला हवेत.

आता या निरुपद्रवी उतारूंचं नाव काय पडलं ते ऐका. युरोपातल्या शेणभुंग्यांवर बसणाऱ्या माइटची नोंद स्वीडनच्या लिनियसनं १७५८ साली केली. पुढे १७९५ साली लात्रेय नावाच्या फ्रेंच पंडितानं त्याच्यासाठी एक कुळ काढलं आणि कुळाला नाव दिलं ‘पॅरासिटस’. म्हणजे परोपजीवी! भुंग्याच्या अंगावर बसून एक घासही न खाणारा हा प्राणी तेव्हापासून ‘भुंग्यांवरचा परोपजीवी’ या नावानं वावरतो आहे. बरं, नाव बदलून घ्यावं म्हणाल तर तीही सोय नाही. प्राण्याला एकदा रीतसर दिलेलं नाव ते शोभत नाही एवढ्याच कारणावरून रद्द होत नाही, असा शास्त्रातला नियम आहे. आपल्याकडे निदान राजपत्रात जाहिरात देऊन दगडूचा दिनेश होता येतं.

हा सगळा अभ्यास माझा मी करत बसलो असतो. पण गेल्या गणपतीत धाकटा भाऊ आला आणि प्रकरण घरात शिरलं.

माईआत्या म्हणजे आमच्या वडिलांची बहीण. तरुणपणी वैधव्य आलेलं, मूलबाळ नाही. अकरा वर्षांपूर्वी एक ट्रंक आणि तुळशीची कुंडी घेऊन ती आमच्या दोन खोल्यांत आली. आली ती ‘चार दिवस’ म्हणून, आणि ते चार दिवस अजून चालू आहेत. भाऊ इंजिनिअर. त्याचा फ्लॅट मोठा, पण त्याच्या प्रत्येक खोलीला काहीतरी नाव आहे. एकीला स्टडी, एकीला गेस्टरूम. आत्या यांतल्या कुठल्याच नावात बसत नाही. जेवणं झाल्यावर सुपारी कातरत तो म्हणाला, “दादा, स्पष्ट बोलतो, रागावू नकोस. आत्या तुमच्यावर चक्क पॅरासाइटसारखी जगतेय. हल्ली चांगले वृद्धाश्रम निघालेत. निम्मे पैसे मी देतो.”

आत्या आत भांडी पुसत होती. तिला ऐकू कमी येतं. तिच्याविषयी बोललेलं मात्र शंभर टक्के ऐकू येतं. भांड्यांचा आवाज थांबला.

मी लगेच काही बोललो नाही. बँकेची शिस्त आहे. खातं बंद करा असं कोणी म्हणालं की आधी उतारा काढायचा, जमा किती आणि नावे किती ते पाहायचं. आत्याचा उतारा काढण्याआधी मी भुंग्याचा काढला. लोकांच्या खात्यात डोकं थंड राहतं, हा अनुभव आहे.

युरोपात भुंग्यांची एक जात आहे, मढी पुरणाऱ्यांची. मेलेला उंदीर किंवा पाखरू सापडलं की नर-मादी मिळून ते जमिनीत पुरतात, केस-पिसं काढून त्याचा गोळा वळतात आणि त्या गोळ्यावर संसार मांडतात. आई-बाप दोघंही पिल्लांना भरवतात. कीटकांच्या राज्यात हे इतकं दुर्मीळ आहे की त्यांचा जाहीर सत्कार व्हायला हरकत नाही. या भुंग्यांच्याही अंगावर माइट असतात. उंदीर आला की तेही उतरतात.

संसारात अडचण येते ती माश्यांची. मेलेल्या उंदराचा वास निळ्या माश्यांनाही लागतो. त्या भराभर अंडी घालतात, अळ्या होतात आणि भुंग्याच्या पिल्लांच्या तोंडचा घास पळवतात. इथं माइट कामाला येतात. ते माश्यांची अंडी खातात. १९६८ साली स्प्रिंगेट नावाच्या शास्त्रज्ञानं प्रयोगाचा निकाल छापला. माश्यांची अंडी आहेत आणि माइट नाहीत, अशा ठिकाणी भुंग्यांचा संसार बुडाला. माइट होते तिथं पिल्लं वाढली. म्हणजे ज्यांना आपण फुकटे उतारू म्हणत होतो ते गाडीचे रखवालदार निघाले.

इथं थांबलो असतो तर आत्याची वकिली झकास झाली असती. पण उताऱ्याचं एकच पान दाखवणं आमच्या धंद्यात बसत नाही. पुढचं पान केंब्रिजचं आहे. तिथल्या स्युआन-जुन सुन, रेबेका किल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच खातं पुन्हा तपासलं. २०२० साली त्यांनी दाखवून दिलं की माश्या नसतील तर माइट भुंग्याच्या पिल्लांच्याच अन्नात वाटेकरी होतात आणि भुंग्याला तोटा होतो. माश्या असल्या तर तेच माइट नफ्यात आणतात. आणि दाट वस्तीनं माइट असण्याचा खरा फायदा केव्हा, तर हवा नेहमीपेक्षा फार गार किंवा फार गरम असते तेव्हा. कारण त्या हवेत माशीच्या अळ्या भुंग्याला जास्त भारी पडतात.

त्याच मंडळींचं २०१९ सालचं दुसरं काम तर मला फारच आवडलं. उंदरावरून भुंग्याभुंग्यांत मारामाऱ्या होतात आणि लहान चणीचे भुंगे बहुधा हरतात. पण अंगावर माइट असले की धडपडताना लहान भुंग्याचं अंग जास्त तापतं. उबदार जाकीट घातल्यासारखं होतं म्हणा. आणि तापलेला भुंगा जोरात लढतो. थोराड भुंग्याला या जाकिटाचं काही कौतुक नाही, तो मुळातच गरम. पाप्याच्या पितराला मात्र ते जिंकून देतं.

तात्पर्य काय, तर माइट चांगला की वाईट या प्रश्नाला उत्तर नाही. माइट किती, माश्या किती, हवा कशी आणि भुंगा केवढा, हे विचारल्याशिवाय बाकी काढता येत नाही.

हे वाचून झाल्यावर मी एका रविवारी आत्याचा उतारा काढला. नावे बाजू बघता बघता भरली. दिवसाला चार चहा, साखरेचा आजार असून त्यात दीड चमचा साखर. संध्याकाळी सात ते नऊ टीव्हीवर ताबा, आवाज वरच्या मजल्यापर्यंत. आमटी उत्तम झाली असेल त्या दिवशी “आमच्याकडे यात चिंच घालायचे” हे वाक्य. सौ.चा त्यापुढचा अर्धा तास. सामान्य हवामानात, घरात माश्या नसताना, आत्या हे खातं तोट्यातलं आहे. हे मी लपवत नाही. केंब्रिजवाल्यांनीही लपवलेलं नाही.

मग हवा बदललेली वर्षं पाहिली. चार वर्षांपूर्वी सौ.चा पाय मोडला आणि ती तीन महिने पलंगावर होती. चिरंजीव दहावीत. त्या काळात आत्या पहाटे साडेचारला उठायची. डबे, औषधं, दूधवाला, गॅसवाला सगळं तिच्याकडे. पण तिची खरी कामगिरी दारात होती. आजारपणाच्या घरावर समाचाराला येणारे कसे जमतात ते आपण जाणताच. चुलत साडू, सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांच्या मेहुणी. येतात, खुर्च्या अडवतात, चहा घेतात, कोणाचा पाय अस्साच मोडला आणि मग कसा कायमचा आखडला ते रंगवून सांगतात आणि दुसरा चहा घेऊन जातात. आत्या दार बोटभर उघडायची. “आत्ताच डोळा लागलाय हो तिचा. आपण आल्याचं सांगते.” दार बंद. सौ. आत टक्क जागी राहून मासिक वाचत असायची. तीन महिन्यांत एकाही माशीला आमच्या घरात अंडं घालता आलं नाही.

आणि चिरंजीव? ते अंगानं काडी. गणिताची वही उघडली की हुडहुडी भरायची. पहाटे पाचला त्यांच्या शेजारी शाल पांघरून जपमाळ ओढत आत्या बसायची. तिला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शालीचं अर्धं टोक चिरंजीवांच्या पाठीवर असायचं. ते एकशे एक मार्कांनी कोणाच्या पुढे गेले वगैरे काही झालं नाही. गणितात पास झाले. आमच्या घराण्यात ते पुष्कळ आहे.

एवढा हिशेब पुरेसा होता. पण माइटांचं आणखी एक प्रकरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. खरोखरचे परोपजीवी माइटही आहेतच. लाल पाठीवर काळे ठिपके मिरवणारा तो गोजिरवाणा किडा, बालवाडीतल्या चित्रांतला लेडीबर्ड, आपण पाहिला असेल. तोही भुंगेरावर्गातलाच. त्याच्यातल्या दोन ठिपक्यांच्या युरोपीय जातीवर कॉक्सिपोलिपस नावाचा माइट राहतो. तो पोटाखाली उघड्यावर बसत नाही. पाठीवरच्या टणक झाकणपंखांच्या आतल्या बाजूला सोंड खुपसून बसतो आणि अंगातला रस शोषतो. एका किड्यावरून दुसऱ्यावर जातो तो त्यांच्या मीलनाच्या वेळी, म्हणजे ऐन लग्नघरातून. लागण झालेल्या मादीची अंडी साधारण तीन आठवड्यांत सुरकुतायला लागतात, त्यांतून पिल्लू निघत नाही. एवढं होऊन वरून पाहावं तर पाठ लालचुटुक, ठिपके जागच्या जागी.

म्हणजे पोटाखाली सगळ्यांना दिसणारा कळप बदनाम झाला, आणि पंखाखाली बसून पिणाऱ्याला वरून बघणाऱ्या कोणी हटकलंही नाही.

हे वाचलं त्या रात्री मी कपाटातली जुनी फाइल काढली. आजोबांचं गावचं घर विकलं तेव्हाची. त्यात एक हक्कसोडपत्र आहे. त्यावर शेवटी डाव्या बाजूला, चौथी पास अक्षरात, माईआत्याची सही आहे. मोबदला: काही नाही. त्या घरातला तिचा हिस्सा तिनं आम्हा दोघा भाच्यांना सोडून दिला होता. त्या पैशांत भावाच्या फ्लॅटचा पहिला हप्ता गेला आणि माझं कर्ज फिटलं. स्टडी आणि गेस्टरूम या दोन खोल्यांच्या पायात तिची सही आहे. मी फाइलची झेरॉक्स काढली, पाकिटात घातली आणि भावाला पाठवली. वर चिठ्ठी एकच, ‘माहितीसाठी’. बँकेत आम्ही फार लिहीत नाही.

भाऊ पुढच्याच रविवारी आला. वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक या वेळी बॅगेतून बाहेर आलं नाही. पण विषय निघालाच, आणि तो काढला सौ.नं. आमटीवरून अकरा वर्षं जिचं आत्याशी भांडण चालू आहे ती सौ. म्हणाली, “भाऊजी, त्या कुठंही जाणार नाहीत. त्या गेल्या तर मी भांडू कोणाशी? हे तर पेपराआडून हूं हूं करतात.”

आतून आत्याचा आवाज आला, “आणि आज आमटीत चिंच घातलीय का ते विचार तिला.”

भावानं आत्यासाठी शाल आणली होती. आत्यानं ती उलटीपालटी करून पाहिली. हा घराण्याचाच गुण असावा. मग म्हणाली, “बरी आहे. पण दोघांना पुरायची नाही.”

आता त्या ‘पॅरासाइट’ शब्दाचंही सांगतो. तो मूळचा ग्रीक. अर्थ, ‘अन्नाशेजारी बसणारा’. प्राचीन अथेन्समध्ये देवळातल्या धार्मिक पंगतीला बसण्याचा मान ज्यांना असे त्यांना हे नाव होतं. म्हणजे आपल्याकडचे मानकरीच. पुढे नाटककारांनी रंगभूमीवर पाहुणा बनून जेवणं झोडणारा लोचट इसम आणला, त्याला तेच नाव दिलं, आणि मानकरी कायमचा फुकट्या झाला. शब्दाचीसुद्धा अशी अवनती होते, तिथं माइटची काय कथा!

आमच्या बँकेत साधं बचत खातं बंद करायचं तरी अर्ज लागतो, पासबुक लागतं, उरलेली चेकबुकं परत करावी लागतात, सही जुळवावी लागते. दोन रुपयांचा फरक निघाला तर आम्ही गिऱ्हाइकाला उद्या बोलावतो. माणसाचं खातं मात्र लोक जेवणानंतर सुपारी कातरता कातरता एका शब्दात बंद करतात. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे की शब्द उच्चारण्यापूर्वी उतारा मागवावा. दोन्ही बाजूंचा. आणि तो निदान एका कडक उन्हाळ्याचा आणि एका कडाक्याच्या थंडीचा असावा.